मांजराला परसात शी-शू करायची सवय लावताना

उकरता येईल अशी मोकळी, कोरडी जमीन आणि थोडा आडोसा मिळाला की मांजर आपली जागा आपणच ठरवतं. आपल्या हातात एवढंच असतं, की घरातल्या ट्रेपेक्षा बाहेरची जागा त्याला जास्त पटावी. म्हणूनच ‘ट्रे उचलला, दार उघडलं, आता जाईल आपोआप’ हा उपाय बहुतेक वेळा मोरीत नाहीतर गादीवर येऊन संपतो.

हे सगळं परसदार, कुंपण असलेलं अंगण किंवा रो-हाऊसची मागची बाग असलेल्यांसाठी आहे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा दारातून वाहता रस्ता जात असेल तर या वाटेला जाऊच नका, ट्रेच बरा. मांजर सहा महिन्यांचं झालेलं, नसबंदी झालेली आणि रेबीजसकट सगळ्या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात. नसबंदी न केलेला बोका बाहेर गेला की खड्डा वापरण्याऐवजी भिंतींवर फवारे मारत फिरतो आणि मारामाऱ्या करून जखमा घेऊन येतो.

आधी जागा तयार करा. घराच्या दारापासून फार लांब नको. पाच-सहा मीटरांच्या आत, भिंतीच्या किंवा झुडपाच्या कडेला, पण कोपऱ्यात अडकवलेली नको. मांजराला शी करताना दोन बाजूंनी पळता आलं पाहिजे. तिन्ही बाजू बंद असलेल्या जागेत शेजारचा बोका एकदा आडवा आला की ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. दोन फूट बाय दोन फूट आणि फूटभर खोल खड्डा घ्या. तळाला सहा इंच खडी किंवा विटांचे तुकडे, म्हणजे पाणी साचत नाही. वर सहा इंच वाळू, साधारण चार घमेली. वाळू चाळलेली, प्लास्टरची घ्या. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, स्वस्त पडते, पण तिचे कण टोकदार असतात, पंजांना टोचतात आणि धूळही उडते. वर तीन फुटांवर उतरता पत्रा टाका, कारण ओल्या वाळूत मांजर पाय घालत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हाच पत्रा सावलीसाठी लागतो. दुपारी तापलेल्या वाळूवर कोण बसेल?

आता सवय. यातला एकच नियम न मोडण्यासारखा आहे: पायाखालचा माल आणि जागा एकाच वेळी बदलायची नाही.

पहिले तीन आठवडे ट्रे आहे तिथेच राहू द्या, फक्त आतलं लिटर (ट्रेमध्ये भरतात ते लघवी शोषणारे दाणे) बदलत जा. सुरुवातीला तीन भाग लिटर, एक भाग खड्ड्यातली तीच वाळू. चार-पाच दिवस बिनतक्रार गेले की निम्मं-निम्मं, मग तीन भाग वाळू, मग पूर्ण वाळू. ओलं झाल्यावर गोळा होणाऱ्या बेंटोनाइट (एक प्रकारची माती) लिटरची सवय असलेल्या मांजराला वाळूचा जडपणा लगेच जाणवतो. ते ट्रेच्या काठावर पाय ठेवून बसायला लागलं, किंवा न उकरताच बाहेर पडलं, तर समजा घाई झाली. एक पायरी मागे या आणि तिथे आठवडाभर थांबा.

मग ट्रे दाराकडे सरकवायचा, रोज दोन-तीन फूट, त्याहून जास्त नाही. अवघड जागा उंबऱ्याची. तिथे दोन-तीन दिवस आतल्या बाजूला, मग दार उघडं ठेवून फूटभर बाहेर. बाहेरचा हा टप्पा पहाटे किंवा तिन्हीसांजेला, आवाज कमी असताना सुरू करा. पुढे ट्रे खड्ड्याच्या शेजारी, आणि शेवटी खड्ड्यातच. ट्रे काढून घेण्याच्या दिवशी त्यातली मूठभर लघवी लागलेली वाळू आणि एक लेंडी खड्ड्यात पुरा. वासाची ही खूण तुमच्या हजार हाकांपेक्षा जास्त काम करते.

मांजराला बाहेर न्यायची वेळ ठरलेली असते: झोपेतून उठल्यावर आणि जेवल्यानंतर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासानं. पहिले दोन आठवडे हार्नेस (दोरी लावायचा छातीपट्टा) घालून न्या. खड्ड्याजवळ सोडा, दोरी सैल ठेवा आणि दुसरीकडे बघा. कोणी टक लावून बघत असेल तर त्याचं होत नाही. झाल्यावर लगेच सुक्या मासळीचा बारीक तुकडा द्या. दहा मिनिटांत काही झालं नाही तर गुपचूप आत आणा.

मांजर बाहेर अर्धा तास हिंडून येतं आणि आत आल्या आल्या पायपुसण्यावर करतं, ही नेहमीची तक्रार. तो हट्ट नसतो. बाहेर सुरक्षित वाटत नाही म्हणून ते धरून ठेवतं. आसपास दुसरं मांजर किंवा कुत्रा फिरतो का, खड्ड्यात लाल मुंग्या झाल्यात का, हे पाहा. मुंग्यांसाठी पावडर किंवा खडू वापरू नका: त्यांतल्या काहींमध्ये परमेथ्रिनसारखी औषधं असतात, ती मांजराला विषारी असतात आणि ते पंजे चाटतं. वाळू बदला, कडेला कढत पाणी ओता.

घरात झालेली जागा फिनेलनं पुसू नका. त्यातले फिनॉलचे घटक मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या बऱ्याच जंतुनाशकांचं तेच. अमोनियाच्या वासाचं क्लीनर तर लघवीसारखंच वाटतं, म्हणजे उलट आमंत्रणच. एन्झाइमचं क्लीनर किंवा कपड्यांच्या एन्झाइमवाल्या पावडरचं पाणी वापरा. मारणं, नाक घासणं यानं मांजर फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं.

मेथी-कोथिंबिरीचा नुकताच भुसभुशीत केलेला वाफा मात्र त्याला तुमच्या खड्ड्यापेक्षा आवडणारच. पेरल्याबरोबर वाफ्यावर कोंबडीजाळी आडवी अंथरा. रोपं त्यातून वर येतात, पंजे आत जात नाहीत.

खड्डा रोज साफ करा. टॉक्सोप्लाझ्मा या माणसालाही लागण करणाऱ्या सूक्ष्म परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून रोज उचललं तर धोका बराच कमी होतो. हातमोजे घालून उचला. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. वरची चार इंच वाळू महिन्याला बदला. जुनी फुलझाडांच्या मुळाशी पुरा, भाजीच्या खतात नको.

आणि घरातला एक ट्रे कायम ठेवा, सवय पक्की झाली तरी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चार-चार दिवस ते बाहेर पाऊल टाकणार नाही. अंधार पडल्यावर त्याला आतच ठेवायचं आहे, कारण रात्री कुत्र्यांची टोळी असते आणि जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याही. शिवाय बाहेर जाणाऱ्या मांजराची लघवी तुम्हाला दिसत नाही. बोक्यांमध्ये कधीकधी मूत्रमार्ग तुंबतो. तो पुन्हापुन्हा बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही. बद्धकोष्ठ समजून वाट पाहण्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. असं दिसलं की त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरकडे न्या. एरवी, ही लक्षणं नसताना, लघवी नीट होते का एवढंच पाहायचं असेल तर दोन दिवस मांजराला आत ठेवून ट्रेमध्ये किती ओले गोळे पडतात ते मोजा. त्यासाठी त्या ट्रेमध्ये गोळा होणारं लिटरच हवं, वाळू नव्हे.