स्टीम ट्रॅपमधून पांढरी वाफ दिसली की लगेच ट्रॅप बदलायचा का?

इचलकरंजीत एका कापडाच्या प्रोसेस हाऊसला मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट, फिटरने एका दुपारी चार ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) काढून नवे टाकले, का तर आउटलेटला वाफ येतेय म्हणून. नवे बसवले तरी वाफ तेवढीच! मग माझ्याकडे बघतोय.

घरचा कुकर आठवा. आत प्रेशर असतं म्हणून पाणी १०० च्या वर जाऊनही पाणीच राहतं. ७ बार प्रेशरच्या लाईनीत कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) असतं साधारण १७० डिग्रीला, ट्रॅपमधून बाहेर पडून प्रेशर गेलं की तेवढी उष्णता त्याला सोसत नाही, १३ टक्क्यांच्या आसपास पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. हीच फ्लॅश स्टीम, ट्रॅप एकदम ओके असला तरी येणारच.

मग ओळखायचं कसं? बाजूला उभं राहून (समोर नाही, भाजतं) पाईपच्या तोंडाशी नीट बघा. फ्लॅश तोंडापासूनच पांढरी, ढगासारखी, सोबत पाणी, आणि बहुतेक थांबून थांबून. लाईव्ह स्टीम (ट्रॅपने न अडवलेली लाईनीतली वाफ) असेल तर तोंडाजवळ थोडं अंतर काहीच दिसत नाही, पुढे जाऊन पांढरी होते आणि सूंऽऽ आवाज सतत चालू. डिस्कवाला टीडी (थर्मोडायनॅमिक) ट्रॅप असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॉडीवर आणि मूठ कानाला लावा, टक... टक ऐकू आलं तर ठीक, नॉनस्टॉप टकटकटक म्हणजे डिस्क गेली.

टेम्परेचर गनवर फार विसंबू नका, कारण त्या प्रेशरला वाफ आणि पाणी दोघांचं टेम्परेचर एकच. हां, ट्रॅप गार लागला तर मात्र व्हॉल्व्ह बंद करून, प्रेशर सोडून आधी स्ट्रेनर (ट्रॅपच्या आधीची गाळणी) उघडा, गाळच निघतो बहुतेक वेळा.

रिटर्न लाईन (कंडेन्सेट परत नेणारा पाईप) पाण्याच्या हिशोबाने बारीक टाकतात ती दुसरी चूक. एक किलो कंडेन्सेटमधून सव्वादोनशे लिटरच्या आसपास फ्लॅश होते, पाणी एक लिटरसुद्धा नाही! लाईन मोठी घ्या, हेडरला (मुख्य मोठ्या पाईपला) वरून जोडा, खालून जोडली की लाईन धडाधड ठोकते. आणि दोन मशीनला मिळून एक ट्रॅप नको, कमी प्रेशरवाल्याचं पाणी आतच तुंबतं.

त्या चारपैकी तिघांची फ्लॅशच होती, चौथ्याचा बायपास (ट्रॅप टाळून बाजूने जाणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह) कुणीतरी अर्धा वळसा उघडा ठेवला होता.