छोट्या रीफ टँकचं पाणी कसं सांभाळायचं
रीफ टँक म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक. मोठ्या टँकपेक्षा छोटा सांभाळणं जास्त अवघड, कारण ४०-५० लिटर पाण्यात एक गोगलगाय मरून पडली तरी विषारी अमोनिया चढू शकतो. म्हणून नळाचं पाणी नाहीच. घरातला पिण्याचा आरओ पण पुरत नाही, त्याच्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लागतं, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) ० दिसलं पाहिजे. चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचार तर काढूनच टाका डोक्यातून.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला. रीफ सॉल्ट आदल्या रात्री बादलीत घालून पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू ठेवायचा, सकाळी ग्रॅव्हिटी (म्हणजे खारटपणाचं माप) १.०२५ आणि तापमान टँकइतकंच आहे ना हे बघूनच ओतायचं.

आता खरा घोळ कुठे होतो, तर पाणी उडून जातं पण मीठ आतच राहतं. मी पहिल्या मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात टँकवर पंखा लावून ठेवलेला आणि कमी झालेलं पाणी खाऱ्या पाण्यानेच भरत होतो, आठवडाभरात रीडिंग १.०३० आणि झोआ (एक प्रकारचे प्रवाळ) सगळे मिटून बसलेले 😅 त्यामुळे भर घालायची ती फक्त गोड्या आरओडीआय पाण्याची, रोज थोडी थोडी. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा.

फिल्टरचा कापूस २-३ दिवसांनी बदला, नाहीतर घाण त्यातच कुजते आणि नायट्रेट वाढतं. फ्रोझन खाणं चहाच्या गाळणीत धुवून मगच घाला. गाळणी वेगळी आणा हं, घरातली उचललीत तर तुमचं तुम्ही बघा.