परदेशात एजंट नेमण्याआधी: नाशिकच्या निर्यातदाराची तयारीची यादी

पिंपळगावच्या बाजारात आडत्याशी नाही पटलं, तर टोमॅटोची पुढची गाडी दुसऱ्या गाळ्यावर लावता येते. जर्मनीतल्या एजंटाला असं सोडता येत नाही. माल द्राक्षांचा असो की अंबड-सातपूरच्या सुट्या भागांचा, करारावर सही होण्याआधी पुढची कामं उरकलेली हवीत.

आधी समोरचा माणूस नक्की कोण, ते ठरवा. तुमच्या नावावर ऑर्डर आणून कमिशन घेतो तो एजंट, स्वतः माल विकत घेतो तो वितरक. द्राक्षांचे बरेच आयातदार माल स्वतःच्या नावाने विकून नंतर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवतात, त्यांनाही आपण सवयीने एजंटच म्हणतो. युरोपीय संघाच्या व्यापारी एजंटांविषयीच्या १९८६ च्या निर्देशाचं संरक्षण मात्र पहिल्या प्रकारालाच आहे.

तो निर्देश वकिलाकडून नीट समजून घ्या, खरा खर्च तिथेच दडलेला असतो. बेमुदत करार मोडायचा तर पहिल्या वर्षी किमान एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्यापासून तीन महिन्यांची नोटीस लागते. शिवाय भरपाई. जर्मनीत तिची कमाल मर्यादा वर्षभराच्या सरासरी कमिशनइतकी आहे, फ्रान्समध्ये न्यायालयं बहुधा दोन वर्षांचं कमिशन देतात. ‘भरपाई मिळणार नाही’ असं आधीच लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. करारात भारतीय कायदा घातला की सुटलो, असंही समजू नका. इंग्मार या ब्रिटिश एजंट कंपनीच्या प्रकरणात करारात कॅलिफोर्नियाचा कायदा होता, तरी एजंटाचं संरक्षण सुटत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००० साली ठरवलं. एजंटाची गंभीर कसूर असेल तर भरपाई टळते. म्हणून त्याच्या जबाबदाऱ्या करारात स्पष्ट लिहा आणि तक्रारींचे मेल जपून ठेवा.

कमिशनचं कलम घाईत लिहू नका. ‘सगळा जर्मनी तुझा’ असं लिहून दिलंत, तर तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाने थेट नाशिकला दिलेल्या ऑर्डरवरही कमिशन द्यावं लागू शकतं. जुनी गिऱ्हाइकं नावानिशी वगळून जोडपत्रात टाका. माल नाकारला गेला तर काय, हेही लिहा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशामुळे द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. व्यवहार तुमच्या दोषाने फसला, तर एजंटाचं कमिशन आपोआप बुडत नाही.

दुबईसाठी निराळा कागद करा. तिथे २०२२ चा नवा कायदा आहे, आणि एजन्सी तिथल्या अर्थव्यवस्था मंत्रालयात नोंदवली की एजंटाचा हात बराच बळकट होतो. नोंदणीला होकार देण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

वाद नाशिकच्या न्यायालयात, असं लिहून घ्यायला बरं वाटतं. पण तो हुकूमनामा नेदरलँड्समध्ये वसूल करणं जिकिरीचं. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तिथे बजावता येतो, तेव्हा लवादाचंच कलम घाला.

ट्रेडमार्क स्वतःच्याच नावावर नोंदवा. भारत २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत आहे, एका अर्जात अनेक देश मागता येतात. तुमच्या वतीने सौदा पक्का करण्याचा अधिकार एजंटाला देऊ नका, नाहीतर तिथला आयकर मागे लागू शकतो. कमिशन शिपिंग बिलात दाखवा, म्हणजे पैसे पाठवताना बँक अडणार नाही. टीडीएसचं सीएला विचारा.

आणि हाच एजंट आणखी कोणाचा माल विकतो, हे विचारायला संकोचू नका. दिंडोरी-निफाडात ते एका फोनवर कळतं.