कॉर्सिव्हा कुठे लावायचा, कुठे नाही

अमळनेरला डीटीपीच्या दुकानात लागलो आणि पहिल्याच महिन्यात एका कॉलेजची २०० प्रमाणपत्रं अंगावर पडली. नावांची यादी एक्सेलमध्ये, सगळी कॅपिटल. मी ती तशीच उचलली आणि मोनोटाइप कॉर्सिव्हा हा वळणदार इंग्रजी फाँट लावला. स्क्रीनवर काय झोकात दिसलं! दुसऱ्या दिवशी कॉलेजचा शिपाई एक कागद घेऊन दारात उभा. "हाई काय लिखेल शे, भाऊ?" मलाही पटकन वाचता येईना. सगळा गठ्ठा माझ्या पगारातून परत छापला.

चूक कॅपिटलची. या फाँटची मोठी अक्षरं शेपटी उडवणारी. ती शब्दाच्या सुरुवातीला एकटी शोभतात, ओळीने उभी केली की एकमेकांच्या पायात येतात. १५०१ साली व्हेनिसच्या आल्डुस मानुतिउसने इटॅलिकमध्ये, म्हणजे तिरक्या अक्षरांत, पहिलं पुस्तक छापलं, तेव्हा तिरकी फक्त लहान अक्षरं होती, कॅपिटल सरळच. एक्सेलमध्ये 'प्रॉपर' हा फॉर्म्युला आहे, तो प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर मोठं ठेवतो. यादी आली की आधी तो चालवायचा.

मुळात कॉर्सिव्हाचं हे वळण कारकुनी आहे. पोपच्या कचेरीतला लेखनिक आरिघी, त्याने १५२२ मध्ये ते शिकवणारं पुस्तक काढलं. त्याच घराण्यातला हेर्मान झाप्फचा झाप्फ चान्सरी हा फाँट १९७९ चा, आणि पॅट्रिशिया सॉन्डर्सचा कॉर्सिव्हा १९९१ चा. अक्षरं अरुंद, कल थोडाच, आणि रुंद टाकाने ओढल्यासारखी जाड-बारीक रेघ. एरिअलला इटॅलिक केलंत तर लहान 'ए' नुसता झुकतो. कॉर्सिव्हातला 'ए' हाताने काढतो तसा, एका पोटाचा. कॉर्सिव्हा जात्याच तिरका आहे, त्यामुळे त्याच्यावर 'आय'चं, म्हणजे इटॅलिकचं, बटण दाबू नका, धडपडल्यासारखा दिसतो. तेच बटण मराठी मजकुरावरही नको. देवनागरीच्या बोरूचा काप उलट्या बाजूचा, जाड रेघ वेगळ्या दिशेला पडते. नुसतं तिरकं करून दोन्ही लिप्यांचं वळण जुळत नाही.

आता छपाई. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पत्रिकांची झुंबड असते आणि मरून रंगाच्या कागदावर सोनेरी शाई सगळ्यांना हवी असते. स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीतून कॉर्सिव्हाची बारीक रेघ उतरत नाही, तुटते. मी अशा कागदावर १८ पॉइंटच्या खाली जात नाही. शिवाय त्याची लहान अक्षरं बुटकी, म्हणजे १२ पॉइंटचा कॉर्सिव्हा टाइम्स फाँटच्या १२ पेक्षा बारीक दिसतो. इंग्रजी पत्रिकेत वधूवरांची नावं त्यात द्या. हॉलचा पत्ता, फोन आणि दीड पान भरणारे काका-मामा सरळ अक्षरात. गिऱ्हाईक हट्ट करतं. तेव्हा एक प्रिंट काढून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या म्हणावं.

फाइल ऑफसेटला जळगावला पाठवायची असेल तर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं चित्र होतं. तिकडे तो फाँट नसला तर भलताच येऊन बसतो. पण कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळी ठेवा. मुहूर्ताची वेळ बदलल्याचा फोन नेमका त्यानंतर येतो.