घरगुती वस्तूंमध्ये नैसर्गिक आणि सेंद्रिय धाग्यांचा वापर कसा करावा

नैसर्गिक धाग्याची वस्तू घरात आणणे सोपे असते, ती टिकवणे मात्र जमावे लागते. नाशिकमध्ये जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत हवा दमट राहते. त्या दिवसांत दाराशी टांगलेल्या तागाच्या पिशवीवर काळे ठिपके उमटतात, पायपुसण्याला कुबट वास येऊ लागतो आणि ‘आपले प्लॅस्टिकच बरे’ असे म्हणत पुन्हा नायलॉन व पॉलिस्टर घरात येते. बहुतेक घरांत हे धागा वाईट असल्यामुळे घडत नाही, तर तो चुकीच्या जागी वापरल्यामुळे घडते. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: या वस्तूला पाणी किती लागणार आहे आणि ती वाळणार कुठे? पुढच्या सर्व पायऱ्या याच प्रश्नावर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी : ओल लक्षात घेऊन घराची पाहणी करावी

घरातील कापडी आणि धाग्याच्या वस्तूंची यादी करून तिचे तीन भाग पाडावेत. टॉवेल, अंग घासायची घासणी, ओटा पुसण्याचे फडके आणि न्हाणीघरासमोरचे पायपुसणे या रोज ओल्या होणाऱ्या वस्तू आहेत. चादरी, पडदे, अभ्रे, भाजीच्या पिशव्या या अधूनमधून धुतल्या जातात. गादी, सतरंजी, घोंगडी आणि कांदे-लसूण ठेवण्याच्या पिशव्या यांनी शक्य तितके कोरडेच राहावे.

ही विभागणी धाग्यांच्या स्वभावाशी जुळते. कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, त्यामुळे सुती कापड आपटून, पिळून, उकळून धुतले तरी वर्षानुवर्षे चालते. ताग आणि लोकर ओल्या अवस्थेत दुबळे पडतात. नारळाच्या काथ्यात लिग्निन हा काष्ठद्रव्याचा घटक भरपूर असल्याने तो पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणजेच रोज ओल्या होणाऱ्या वस्तूंसाठी कापूस आणि काथ्या, कोरड्या वस्तूंसाठी ताग आणि लोकर, असा ढोबळ नियम धरता येतो.

यादी झाली म्हणून सगळ्या वस्तू एकदम बदलू नयेत. वापरात असलेली प्लॅस्टिकची बादली किंवा पॉलिस्टरची चादर धडधाकट असताना फेकून देणे हाही कचराच आहे. जी वस्तू फाटेल, तिच्या जागी नैसर्गिक धाग्याची वस्तू आणावी.

दुसरी पायरी : ‘नैसर्गिक’ आणि ‘सेंद्रिय’ यांत फरक करावा

प्रत्येक सुती वस्तू नैसर्गिक असते, पण ती सेंद्रिय असेलच असे नाही. मालेगाव, येवला, नांदगाव या आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यांत कापूस पिकतो आणि देशातील इतर भागांप्रमाणे तोही प्रामुख्याने बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या, बियाण्याचा असतो. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकीय बदल केलेले बियाणे, रासायनिक खते आणि रासायनिक कीटकनाशके चालत नाहीत. वार्षिक पिकांच्या जमिनीला तर प्रमाणपत्रापूर्वी साधारण दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. या दोन वर्षांत शेतकरी सेंद्रिय पद्धतीने पिकवतो, पण माल सेंद्रिय म्हणून विकू शकत नाही. सेंद्रिय कापड महाग असण्यामागे हेही एक कारण आहे.

शेतीच्या प्रमाणीकरणासाठी भारतात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे, तर तयार कापडासाठी ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) हे आंतरराष्ट्रीय मानक सर्वाधिक प्रचलित आहे. गॉट्सच्या चिठ्ठीवर ‘ऑरगॅनिक’ असे लिहिले असेल तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असे लिहिले असेल तर ही अट ७० टक्क्यांवर येते. चिठ्ठीवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो व तो संकेतस्थळावर पडताळता येतो. द्राक्ष निर्यातीमुळे नाशिककरांना नमुना तपासणी, कीटकनाशकांचे उर्वरित अंश, प्रमाणपत्र हे शब्द नवे नाहीत. तीच चौकस नजर कापडाच्या चिठ्ठीकडेही वळवावी. नुसते हिरवे पान छापलेले असेल आणि क्रमांक नसेल, तर जादा पैसे देऊ नयेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. सेंद्रिय कापसाचा सर्वांत मोठा लाभ शेताला, पाण्याला आणि फवारणी करणाऱ्या माणसाला होतो. आपल्या त्वचेच्या दृष्टीने पाहिले तर कापडावरील रंग आणि अखेरची रासायनिक प्रक्रिया यांनाही तितकेच महत्त्व आहे. ‘सुरकुत्या न पडणारी’ म्हणून मिळणारी सुती चादर अनेकदा फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेची प्रक्रिया केलेली असते. बजेट मर्यादित असेल तर बाळाची दुपटी, लंगोट आणि उशीचे अभ्रे एवढेच सेंद्रिय घ्यावेत, बाकी ठिकाणी साधे, रंग न दिलेले सुती कापड पुरेसे आहे. फरशी पुसण्यासाठी तर नवे कापड घेऊच नये, जुनी सुती साडी त्यासाठी सर्वोत्तम असते.

तिसरी पायरी : धागा स्वतः ओळखावा

मेनरोड किंवा रविवार कारंजा परिसरात मीटरवर कापड घेताना चिठ्ठी नसते, दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागते. मालेगावच्या यंत्रमागांवर कोरे कापड मोठ्या प्रमाणावर विणले जाते, पण त्यात शुद्ध सुती आणि पॉलिस्टर मिश्र असे दोन्ही प्रकार असतात आणि हाताला ते सारखेच लागतात. अशा वेळी कापडाचा लहानसा तुकडा घरी आणून जाळून पाहावा.

तुकड्याच्या काठातून ताण्याचा (उभा) एक आणि बाण्याचा (आडवा) एक धागा वेगळा काढावा, कारण काही कापडांत ताणा पॉलिस्टरचा आणि बाणा सुती असतो व सबंध तुकडा जाळल्यास हा प्रकार नीट लक्षात येत नाही. स्टीलच्या ताटलीवर, पंखा बंद करून, चिमट्यात धरलेला धागा ज्योतीजवळ हळूहळू न्यावा. सुती धागा ज्योतीपासून आक्रसत नाही, लगेच पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरगळली जाणारी मऊ, करडी राख उरते. पॉलिस्टरचा धागा ज्योत जवळ येताच मागे आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याच्या टोकाला न फुटणारा कडक मणी तयार होतो. लोकर व रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर केल्यावर ती विझू लागतात आणि उरलेला काळा मणी बोटाने दाबताच चुरा होतो. वितळलेला थेंब हाताला चिकटून भाजतो, म्हणून ही परीक्षा मुलांच्या हाती देऊ नये.

या परीक्षेत एक त्रुटी आहे. व्हिस्कोसही कागदासारखेच जळते, कारण त्याचे मूळ द्रव्य वनस्पतीचेच असते. ‘बांबूचे कापड’ म्हणून विकले जाणारे मऊ टॉवेल आणि चादरी बहुधा याच जातीच्या असतात. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून हा धागा काढलेला असतो. तो ओळखण्यासाठी एक धागा कोरडाच ओढून तोडावा आणि दुसरा पाण्यात भिजवून तोडावा. भिजल्यावर तो सहज तुटला तर ते व्हिस्कोस समजावे.

चौथी पायरी : स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी

मांजरपाट हे सर्वांत उपयोगी आणि स्वस्त कापड आहे. शिवण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून घ्यावे, कारण नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि आधी शिवलेली पिशवी वेडीवाकडी होते. त्यातून पोळ्यांचे फडके, धान्याच्या पिशव्या आणि भाजीच्या नाडीच्या पिशव्या शिवता येतात. कोथिंबीर व पालेभाजी किंचित ओलसर सुती कापडात गुंडाळून ठेवली तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीतल्यासारखी घामेजून सडत नाही. चक्का टांगण्यासाठी मलमलीचा वेगळा तुकडा ठेवावा.

कांद्यासाठी तागाला पर्याय नाही. लासलगावच्या बाजाराशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना बारदानाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कांद्याला हवा लागते आणि तागाच्या विणीतून ती खेळती राहते. तागाचा तंतू कातण्यापूर्वी मऊ करण्यासाठी तेल लावतात आणि त्याचा वास नव्या गोणीला येतो. म्हणून नवी गोणी दोन दिवस वाऱ्यावर टांगावी आणि तांदूळ, पीठ अशा गोष्टी थेट तागात न ठेवता आत मांजरपाटाची पिशवी घालावी.

ओटा पुसण्याची आणि हातपुसण्याची सुती फडकी आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळावीत. वनस्पतीजन्य धाग्याला सोडा सोसतो. लोकर आणि रेशीम यांना मात्र तो अजिबात लावू नये, त्यांच्यासाठी रिठ्याचे कोमट पाणी योग्य असते.

पाचवी पायरी : टॉवेल आणि घासणी

नवा सुती टॉवेल पहिल्या काही दिवसांत पाणी टिपत नाही, त्यावरील मऊपणाचा लेप निघण्यासाठी त्याला दोन-तीन धुणी द्यावी लागतात. त्यानंतर कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, त्याने टॉवेलची शोषकता पुन्हा कमी होते. फार जाड टॉवेल दिसायला देखणा असला तरी नाशिकच्या पावसाळ्यात तो दिवसभरात वाळत नाही. आपला पातळ पंचा येथे जाड टॉवेलपेक्षा नक्कीच सरस आहे.

अंग घासण्यासाठी प्लॅस्टिकच्या जाळीऐवजी गिलक्याची घासणी वापरावी. ती घरी तयार करणे अवघड नाही. पावसाच्या सुरुवातीला कुंपणाशी किंवा गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत गिलक्याचा वेल लावावा आणि त्याची दोन-चार मोठी फळे भाजीसाठी न तोडता वेलावरच राहू द्यावीत. पाऊस सरल्यावर त्यांची साल पिवळी होत तपकिरी पडते, फळ हातात धरल्यास हलके लागते आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळतात. असे फळ तोडून थोडा वेळ पाण्यात भिजवले की साल सुटते. टोक कापून बिया झटकून घ्याव्यात. पुढच्या वर्षीच्या लागवडीसाठी त्याच उपयोगी पडतात. उरलेली जाळी स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि हव्या त्या आकारात कापावी. कोरडी असताना ती बोचरी लागते, पाण्यात बुडवताच मऊ होते. वापरानंतर ती पिळून टांगून ठेवावी व तीन-चार आठवड्यांनी बदलावी, कारण सतत ओली राहिल्यास तिच्यात जंतू वाढतात. भांड्यांसाठीही हीच जाळी चालते. जळकी कढई घासायला नारळाची शेंडी अधिक समर्थ आहे.

सहावी पायरी : अंथरूण-पांघरूण

तपासणीसाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या व आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. झोपेत येणारा घाम कोणत्या चादरीत जिरतो आणि कोणत्या चादरीत अंगाला चिकटून राहतो, हे या आकड्यांवरून कळते. गादी कापसाची असेल तर ती काही वर्षांनी पिंजून पुन्हा भरता येते आणि फोमच्या गादीला ही सोय नसते. नवी भरताना कापूस डोळ्यांसमोर भरून घ्यावा, कारण स्वस्त गाद्यांत कापडाच्या चिंध्या पिंजून घालण्याचा प्रकार चालतो. काथ्याच्या गाद्याही चांगल्या असतात, परंतु त्यांतील तंतू रबराच्या चिकाने जोडलेले असतात. तो चीक नैसर्गिक आहे की कृत्रिम, हे विचारून घ्यावे.

निफाडची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांनी ऊब देणाऱ्या पांघरुणाचा विचार कापसावरच थांबवू नये. धनगरांनी विणलेली लोकरीची घोंगडी सुरुवातीला टोचते, तिला चिंचोक्याची खळही असते, पण वापराने ती मऊ पडते. लोकर वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धरूनही हाताला ओली लागत नाही. अंगाला टोचू नये म्हणून आत सुती चादर घ्यावी. गोधडी शिवून घेणार असाल तर सर्व थर सुती साड्यांचे किंवा धोतरांचे द्यावेत. मध्ये एखादी सिंथेटिक साडी गेली तर थर एकमेकांवरून सरकतात आणि धावदोरा ओढला जातो.

पावसाळ्यातील काळजी

मृगाच्या सरी येण्यापूर्वी गादी, सतरंजी, घोंगडी यांना दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवावे. तागाच्या वस्तू मात्र सावलीत, वाऱ्यावर वाळवाव्यात, कारण उन्हाने ताग पिवळा पडतो. घोंगडी वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती कापडात बांधून ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकलेला ओलावा कसर आणि बुरशी या दोघांनाही सोयीचा असतो. पावसाळ्यात पायपुसणी दोन ठेवून आलटून पालटून वापरावीत. दाराबाहेरचे पायपुसणे काथ्याचे असावे, पण त्याच्या पाठीला प्लॅस्टिकचा थर नसावा, कारण पाणी त्या थरावर साचून राहते.

अखेर वस्तू जीर्ण झाली की तिची बटणे, इलॅस्टिक आणि शिवणीचा पॉलिस्टर दोरा काढून टाकावा व सुती कापडाचे लहान तुकडे खताच्या खड्ड्यात घालावेत. काथ्या कुंडीच्या तळाशी पसरला तर पाण्याचा निचरा चांगला होतो. मिश्र कापड मात्र खतात टाकू नये. त्यातील कापूस कुजून गेल्यावरही पॉलिस्टरचे बारीक तंतू मातीत तसेच राहतात.