सायकल दुरुस्तीला टाकताना या चुका टाळा

एसटी स्टँडजवळ कडुलिंबाच्या फांदीला जुना टायर टांगलेला दिसला, की आपण समजतो सायकलचं दुकान आलं. आता त्यातली बरीच दुकानं मोटारसायकलची झाली आहेत. सायकलला नाही म्हणत नाहीत, पण ती मागे उभी राहते आणि शेवटी शिकाऊ पोराच्या हाती पडते. म्हणून आधी दुकानात किती सायकली उघडलेल्या दिसतात ते पहा. बोर्डावर काय लिहिलंय याला फार अर्थ नाही.

सायकल टाकून बाजार करायला जाणे

ही सगळ्यात मोठी चूक. निदान पहिल्या वेळी तरी दुकानात बसा, आणि पहिलं काम पंक्चरचंच द्या. माणूस कसा आहे ते त्यातच कळतं.

हवा उतरली म्हणजे पंक्चरच असेल असं नाही. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी, म्हणजे वालट्यूब, आपल्याकडच्या उन्हात कडक होऊन चिरते. चांगला मिस्त्री हवा भरतो, व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी किंवा पाणी लावतो आणि बुडबुडा येतो का ते बघतो. आला तर नवी वालट्यूब चढवून तुम्हाला वाटेला लावतो. पंक्चरचे पैसे त्याचे बुडतात, तरी तो हे आधी तपासतो. असा माणूस सापडला तर दुसरं दुकान शोधू नका.

पंक्चर असेलच, तर ट्यूब घमेल्यात बुडवून भोक सापडल्यावर तो काय करतो ते बघा. टायरच्या आतून बोटं फिरवायलाच हवीत. पांदण रस्त्यानं येणाऱ्या सायकलच्या टायरात बाभळीच्या काट्याचं टोक मोडून राहिलेलं असतं. ते काढलं नाही तर ठिगळ कितीही पक्कं असो, गावच्या फाट्यापर्यंत पुन्हा हवा जाते. मग आपण शिव्या ठिगळाला देतो.

भोक कुठे आहे हेही विचारा. टायरच्या बाजूनं असेल तर काटा. रिमच्या बाजूनं असेल तर चाकाच्या तारेचं टोक वर आलंय किंवा रिमपट्टी सरकली आहे. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी असताना कॅरिअरवर पोतं लादलं होतं. हे तुम्हाला सांगणारा मिस्त्री कामाचा.

सोल्युशनची घाईही नको. जागा कानशीनं घासायची, सोल्युशन लावायचं, त्याची ओली चमक जाईपर्यंत थांबायचं आणि मग ठिगळ दाबायचं. ओल्यावरच चिकटवलेलं ठिगळ मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत सुटतं.

खटखट आली की नुसता हातोडा मारून घेणे

पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा खट् होत असेल, तर बहुतेक कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ, झिजलेली असते. जुन्या पिनेवर दोन घाव घातले की आवाज जातो, आणि आठवड्यात परत येतो. नवी पिन घालताना तिची सपाट बाजू कानशीनं बेतून घ्यावी लागते, आणि ठोकताना क्रँकखाली लोखंडाचा टेकू द्यावा लागतो, नाहीतर घाव थेट आतल्या छऱ्यांवर बसतो. टेकू न देता ठोकत असेल तर तिथेच थांबवा.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. शिकाऊ पोरगा उजव्यासारखं फिरवून जोर लावू लागला तर हात धरा. क्रँकचे आटे गेले तर क्रँकच बदलावी लागते.

'ओव्हरऑइल' एवढंच सांगून मोकळं होणे

ओव्हरऑइल म्हणजे ओव्हरहॉल, सायकल उघडून पूर्ण साफसफाई; पण या शब्दात काय काय येतं ते दुकानागणिक बदलतं. कोणी चाकं उघडून छर्रे रॉकेलनं धुतो, नवं ग्रीस भरतो. कोणी वरून पुसून तेल सोडतो. आधी विचारा: छर्रे बदलणार का, ग्रीस नवं का, तारा कसून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणार का? पैसे तेव्हाच ठरवा, आणि बदललेले छर्रे परत मागा. मागताना संकोच नको. "काका, जुने द्या बरं, पोराले दाखवतो," एवढं पुरतं. चैनीला मात्र गाडीचं जळलं ऑइल लावू देऊ नका. काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते आणि चैन कुरतडत जाते.

प्रामाणिक माणसावर संशय घेणे

चैन बदलायला गेलात आणि मिस्त्री म्हणाला, "भाऊ, फ्रीव्हीलबी गेलं," तर लगेच लुटतो म्हणू नका. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र. जुन्या दातांवर नवी चैन सरकते. खात्री पट्टीनं करता येते: चैनीच्या बारा कड्या बरोबर सहा इंच भरल्या पाहिजेत. स्पष्ट जास्त भरत असतील तर चैन ताणली आहे.

शाळा उघडायच्या तोंडावर जाणे

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याच आठवड्यात गावातल्या साऱ्या पोरींच्या सायकली दुकानात येतात, आणि त्याच सुमारास मिस्त्री स्वतःच्या वावरात पेरणीला गेलेला असतो. काम घाईत होतं किंवा होतच नाही. मे महिन्यात त्याला सवड असते. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा सकाळी सातलाच जा.