निर्यातीचा करार करताना या चुका टाळा

नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याहून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जातात. भाव, वजन, पेटीचं माप यांवर घासाघीस होते. कराराचं शेवटचं पान मात्र कुठल्यातरी जुन्या करारातून जसंच्या तसं उचललेलं असतं. घोडं तिथंच पेंड खातं.

'पैसे अडकले तर आपलं कोर्ट आहेच' या भरवशावर राहू नका. भारतीय न्यायालयाचा निकाल नेदरलँड्समध्ये थेट वसुलीला चालत नाही, तिथं पुन्हा दावा लावावा लागतो. लवादाचा, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचांचा, निवाडा मात्र चालतो, कारण दोन्ही देश असे निवाडे मानणाऱ्या १९५८ च्या आंतरराष्ट्रीय न्यूयॉर्क करारात आहेत. म्हणून लवादाचं कलम हवंच, आणि ते नीट हवं. 'लवाद मुंबई किंवा लंडन इथं, परस्परसंमतीने' असं लिहिणं म्हणजे भांडण सुरू होण्याआधीच एक भांडण! लवादाची सीट, म्हणजे त्याचं कायदेशीर ठिकाण, एकच आणि स्पष्ट लिहा. सुनावणी कुठंही होवो, देखरेख कोणत्या देशाच्या न्यायालयाची हे सीटवरून ठरतं.

कराराला 'कायदा डच' (नेदरलँड्सचा) असं मान्य केलंत, तर मालविक्रीचा १९८० चा आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करार सहसा सोबत येतो. भारत त्याचा सदस्य नसला तरीही. त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. उलट मालात खोट असल्याचं खरेदीदारानं वाजवी मुदतीत कळवलं नाही, तर त्याची तक्रार सहसा टिकत नाही. नाशवंत माल पाठवणाऱ्याला हे सोयीचंच आहे. व्हिएन्ना करार नको असेल तर तो वगळल्याचं स्पष्ट लिहावं लागतं.

कंटेनरच्या मालाला सवयीनं एफओबी (माल जहाजावर चढवून देण्याची अट) लावू नका. कंटेनर टर्मिनलवर सोपवला, तरी जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमचीच राहते. इथं एफसीए (ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे माल सोपवण्याची अट) बरं. पुढे ठिकाणाचं नाव आणि 'इन्कोटर्म्स २०२०' (अशा अटींची आंतरराष्ट्रीय नियमावली) लिहा. सीआयएफमध्ये (भावात विमा आणि जहाजभाडं धरलेली अट) विक्रेत्यानं किमान विमा काढला की भागतं. पण रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) बंद पडून द्राक्षं नासली तर तो किमान विमा कामाला येत नाही.

एलसी (कागदपत्रं बरोबर असली की पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर बँक कागद बघते, द्राक्षं नाही. नावाच्या स्पेलिंगवरूनही पैसे अडतात.

करार आधीच झाला असेल, तर दोघांच्या सह्यांचं एका पानाचं दुरुस्तीपत्र आत्ताच करून घ्या. पहिली तक्रार आली, की समोरचा सही करत नाही.